वाहिन्यांवरील चर्चा की शब्दांचा बाजार?

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वृत्तपत्रसृष्टीचा खरपूस समाचार घेतला होता. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो व्यापार झाला, साबणाच्या कारखान्याहून अधिक नैतिकता त्यात उरली नाही, असे त्यांनी बजावले. आज अमरावती-अकोल्याच्या घराघरांत रात्री चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांवरील चर्चा ऐकल्या की त्या शब्दांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

घरात जेवणाची ताटे वाढली जातात आणि पडद्यावर सहा माणसे एकाच वेळी ओरडू लागतात. सूत्रसंचालकच प्रश्न विचारतो, उत्तरही तोच देतो आणि लगेच जाहिरात लागते. शेजारी बसलेली मुले यालाच राजकारण समजतात! असे का होते? कारण उघड आहे. धारणीला वार्ताहर पाठवायचा तर खर्च येतो, वेळ लागतो. चार प्रवक्ते भांडायला बसवणे स्वस्त पडते.

एप्रिल २०२२ चे उदाहरण घ्या. 'मातोश्री'समोर हनुमान चालीसा म्हणण्याच्या घोषणेवरून अमरावतीच्या तत्कालीन खासदार व त्यांचे आमदार पती यांना २३ एप्रिलला अटक झाली. कित्येक दिवस वाहिन्यांवर त्याचाच गजर होता. पण त्याच जिल्ह्यात मेळघाटातील बालके कुपोषणाने दगावतात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात माणसे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे दुखणे सोसतात, कपाशी मातीमोल भावाने विकावी लागते. यावर रात्रीच्या किती चर्चा झाल्या? मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. पण आमच्या मुलांची शिष्यवृत्ती का रखडते, हे विचारायला कोणास सवड नाही.

अकोल्याचेही तसेच. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला 'मते खाणारी' ठरवून पंडित मोकळे झाले. प्रत्यक्षात अकोल्यात भाजप पहिला, बाळासाहेब आंबेडकर दुसरे आणि काँग्रेस तिसरी होती. मग कोणी कोणाची मते खाल्ली? २०२४ मध्ये क्रम बदलला, बाळासाहेब तिसरे आले. तेव्हा हाच प्रश्न त्यांनाही विचारता येईल. मत कोणाला द्यावे हा ज्याचा त्याचा अधिकार. आमचे म्हणणे एवढेच, की आकडे पाहून बोला.

पडद्यावर बसते कोण, हेही पाहावे. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तसंस्थांतील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. शंभर वर्षांनंतरही दार किलकिलेच आहे.

सर्वच पत्रकार असे नाहीत. तुटपुंज्या मानधनावर खेड्यापाड्यांतून खरी बातमी आणणारे वार्ताहर वऱ्हाडात आहेत. त्यांना आम्ही जयभीम करतो. परंतु रात्रीच्या पडद्यावर त्यांना जागा नाही.

मग उपासक-उपासिकांनी काय करावे? तथागतांनी सम्यक वाचेत चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या: खोटे बोलणे, चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड. मुलांना सोबत घेऊन एक चर्चा पाहा आणि कोण काय बोलले ते या चार कसोट्यांवर कागदावर मांडा. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानू नये, हा कालामांना केलेला उपदेश मुलांना आपोआप कळेल. समाजाची बदनामी झाली, तर प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ व कार्यक्रमाचे नाव लिहा. उत्तर समाधानकारक नसेल, तर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने नेमलेल्या मानक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तेथील सदस्य वाहिन्यांना ते लागू आहे.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास आपलीच चर्चा ठेवा. विषय खारपाण्याचा असो वा शिष्यवृत्तीचा. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे. महिलांना आधी बोलू द्यावे. बाबासाहेबांनी मुक्यांना वाचा दिली, ती ओरडण्यासाठी नव्हे, विचारपूर्वक बोलण्यासाठी.