लाखेची तबकडी आणि जॅझचे गाणे

पळसाच्या झाडाचा आणि अमेरिकेतल्या जॅझ संगीताचा काही संबंध आहे, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा वस्ती करतो आणि आपल्याभोवती राळेसारखे कवच तयार करतो. हीच लाख. छोटा नागपूरच्या जंगलांत ती मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाही होते. बांगड्यांना, लाकडी खेळण्यांना, सोनाराच्या कामाला ती लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ती आणखी एका कामाला लागत असे. ग्रामोफोनची जुनी, काळी, पडली की खापरासारखी फुटणारी तबकडी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची असे. आणि जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. अमेरिकेतल्या निग्रो वादकांनी फुंकलेले ट्रम्पेट आपल्या रानातल्या लाखेवर उमटून घरोघर गेले, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा आज त्या तबकडीविषयी, तिच्यावरच्या जॅझविषयी, आणि आपल्या घरच्या माळ्यावर पडलेल्या तबकड्यांविषयी थोडे बोलू.

जॅझ म्हणजे काय? 'साहेबी हॉटेलातला धांगडधिंगा' ही त्याची आपल्याकडची प्रसिद्ध व्याख्या. ती खरी नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांची कामाची गाणी, देवळातली भजने, मिरवणुकीतले बँड आणि दुःखाची 'ब्लूज' ही गाणी यांच्या मिश्रणातून १९०० सालाच्या आगेमागे तेथे हे संगीत जन्मले. त्याचा प्राण एकच : चाल ठरलेली, पण ती कशी वाजवायची हे वादकाने त्या क्षणी ठरवायचे. आपला ख्यालगायक बंदिशीचे दोन-चार शब्द घेऊन तासभर नवेनवे बोलत राहतो, त्याच जातीचे हे काम.

आता येथेच तबकडीचे महत्त्व ध्यानात घ्या. कागदावर बंदिश लिहिता येते, उपज लिहिता येत नाही. ती वाजली आणि विरली. ती धरून ठेवण्याचे साधन ध्वनिमुद्रणाच्या आधी नव्हतेच.

न्यू ऑर्लिन्सला बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक होता. जॅझचा आद्यपुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले आणि १९३१ साली तेथेच तो वारला. त्याच्या वाजवण्याची एकही तबकडी आज हाती नाही. त्याच्यामागून फ्रेडी केपर्ड नामांकित झाला. त्याला १९१६च्या सुमारास ध्वनिमुद्रणाचे बोलावणे आले असता, 'माझी कला दुसरे चोरतील' म्हणून त्याने नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. परिणाम काय झाला? १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली ती गोऱ्या वादकांच्या ताफ्याची.

ही गोष्ट ऐकताना कोल्हापूरकराला अल्लादिया खाँसाहेबांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शाहू महाराजांच्या दरबारी खाँसाहेब दीर्घकाळ होते. १९२२ साली महाराज वारले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथे त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या १९०२ पासून निघत होत्या. म्हणजे त्यांच्या हयातीत चांगली चव्वेचाळीस वर्षे हे साधन दाराशी होते. तरी त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. एवढा मोठा घराण्याचा प्रवर्तक, आणि त्याचा आवाज कसा होता हे आज कोणालाही ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून विद्या पुढे आली, म्हणून ती वाचली. बोल्डनच्या बाबतीत तेवढेही झाले नाही.

उलट, तबकडी असली की ती गुरूचे काम करते. आपल्या महाभारतात एकलव्य आहे. जॅझमध्ये असे एकलव्य पुष्कळ झाले. आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट नावाच्या गावी बिक्स बायडरबेक नावाचा पोरगा होता. त्याने घरच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून, त्यांच्याबरोबर वाजवून कॉर्नेट आत्मसात केले आणि पुढे मोठे नाव काढले. आपल्याकडे भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागाची तबकडी दुकानात ऐकून गाण्याच्या वेडाने घराबाहेर पडले, हे तर सर्वश्रुत आहे.

आता जॅझ ऐकावे कसे? उदाहरणासाठी एकच तबकडी घेऊ. लुई आर्मस्ट्राँग याने २८ जून १९२८ रोजी वाजवलेली 'वेस्ट एंड ब्लूज'. सव्वातीन मिनिटांची आहे. आता ती मोबाइलवरही ऐकायला मिळते, त्यामुळे तबकडी नसली तरी अडत नाही.

आधी ब्लूजचा साचा समजून घ्या. त्यात बारा घरे असतात आणि प्रत्येक घरात चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. आपल्याकडे तंबोरा एकाच षड्जावर स्थिर असतो. तिकडे तसे नाही. तीन-चार स्वर एकदम वाजवून त्याचा पाया करतात—पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की जसा भरीव नाद येतो तसा—आणि हा पाया ठरलेल्या घरी बदलतो. ढोबळ मानाने पहिली चार घरे षड्जाची, मग दोन मध्यमाची, परत दोन षड्जाची, एक पंचमाचे, एक मध्यमाचे आणि शेवटची दोन पुन्हा षड्जाची. मोजा, बरोबर बारा होतात. वादक काहीही नवे वाजवो, त्याला या घरांतूनच जावे लागते. तबल्याच्या ठेक्याचे आपल्या गायकावर जसे बंधन, तसे हे.

तबकडी सुरू झाली की पहिली सुमारे बारा सेकंद आर्मस्ट्राँग एकटाच ट्रम्पेट वाजवतो. ठेका नाही, साथ नाही. त्याला आलाप समजा. मग सगळे वादक येतात आणि पहिले आवर्तन सुरू होते. दुसरे आवर्तन ट्रॉम्बोनचे. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक वाक्य म्हणते आणि आर्मस्ट्राँग गळ्याने उत्तर देतो; त्या गाण्यात शब्द नाहीत, नुसते निरर्थक बोल. आपल्या तराण्यात तरी शब्दांना अर्थ कुठे असतो? आणि हे सवाल-जबाब ढोलकीच्या फडाला नवीन नाहीत. चौथे आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचे. पाचव्यात आर्मस्ट्राँग परत येतो आणि एकच उंच स्वर जवळजवळ चार घरे, म्हणजे सोळाएक मात्रा, धरून ठेवतो. खालचे घर बदलायची वेळ येते, तरी स्वर हलत नाही. ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि मग तो स्वर फुटून खाली ओघळतो. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या कानाला ही गंमत सांगावी लागत नाही.

माझा अनुभव असा की, एकदा ऐकून काही हाती लागत नाही. पहिल्या खेपेस बोटांवर नुसती घरे मोजावीत. दुसऱ्या खेपेस एकच वाद्य पकडून त्याच्यामागे जावे. तिसऱ्या खेपेस मोजणे सोडून द्यावे. शाळेत पन्नास मुले बसवून हा प्रयोग करण्याजोगा आहे. पंधरा मिनिटांत होतो.

हे संगीत आपल्याकडे आले कसे? १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी आले. त्यांच्याकडून हे वादन गोव्याच्या मंडळींनी उचलले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, त्यामुळे त्यांची तयारी होतीच. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी या गोवेकर वादकांना हाताशी धरले आणि भगवान दादांच्या 'अलबेला' (१९५१) सारख्या चित्रपटांतून त्यांचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन खेड्यापाड्यांत पोहोचवले. जत्रेतल्या तंबूत त्या गाण्यांवर ताल धरणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी नकळत जॅझची ओळख करून घेतली होती. दुःख एवढेच की, त्या तबकड्यांवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव सापडते. ट्रम्पेट कोणी फुंकले ते बहुधा लिहिलेले नसते.

आता तबकडी सांभाळण्याविषयी. आपल्या घरांत दोन जातींच्या तबकड्या सापडतात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जड आणि ठिसूळ, ती लाखेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावतात. हलकी, वाकणारी, ती व्हिनाइल नावाच्या कृत्रिम द्रव्याची. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहेतीस आणि एकतृतीयांश फेरे घेणारी मोठी तबकडी निघाली, आणि एका बाजूला वीसएक मिनिटांचे गाणे मावू लागले. या दुसऱ्या जातीच्या तबकडीवर चावीच्या जुन्या ग्रामोफोनची पोलादी पिन कधीही ठेवू नका. एका खेपेत ती खरवडून निघेल. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका. स्पिरिटात लाख विरघळते. तबकड्या एकावर एक न रचता वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, आणि हातात धरताना कडेने धराव्यात.

आणि मोडीत घालू नका, ही मुख्य विनंती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत लाखेचा तुटवडा पडला. सरकारने तबकड्यांना लागणाऱ्या लाखेवर नियंत्रण घातले आणि जुन्या तबकड्या गोळा होऊन वितळवण्यासाठी गेल्या. तिकडे निदान युद्धाचे कारण होते. आपल्याकडे घर पाडताना, वाटण्या होताना, दिवाळीची साफसफाई करताना त्या भंगारवाल्याच्या गाडीवर जातात, आणि काय गेले हे कोणालाच कळत नाही.

तबकडीवर एवढा भरवसा मनुष्यजातीने ठेवला आहे, याचा एक दाखला देतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अवकाशयाने सोडली. परलोकातल्या कोणी बुद्धिमान प्राण्याला कधी सापडलेच तर आपली ओळख पटावी, म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. सोबत ती वाजवायला सुईही दिली. सर्व पृथ्वीवरचे मिळून सत्तावीस संगीताचे तुकडे तिच्यावर आहेत. त्यात आर्मस्ट्राँगची 'मेलन्कली ब्लूज' ही १९२७ सालची तीन मिनिटांची चीज आहे. आणि त्याच तबकडीवर साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', गाणार केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या या बाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी शिकल्या आणि पुढे, १९२१ पासून, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. ज्या गुरूने आपला आवाज तबकडीवर ठेवला नाही, त्याची विद्या शिष्येच्या तबकडीतून एवढी लांब गेली.

शिक्षक मंडळींना एक काम सुचवतो. सुटीत गावातली दहा घरे फिरून जुन्या तबकड्यांची एक वही करावी. प्रत्येक तबकडीसाठी एक ओळ : गाण्याचे नाव, गायक किंवा वादक, कंपनी, मधल्या कागदावरचा क्रमांक, आणि कागदाभोवतीच्या गुळगुळीत कडेवर कोरलेला बारीक क्रमांक. हा दुसरा क्रमांक नेमके कोणते ध्वनिमुद्रण ते ओळखायला उपयोगी पडतो. जुन्या तबकड्यांवर साल बहुधा छापलेले नसते. घरात कोणी वृद्ध असतील तर ही तबकडी कोठून आली, कोणी आणली, तेही विचारून लिहावे. गावच्या बँडमध्ये किंवा तमाशाच्या फडात क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवणारे कोणी होते का, हेही विचारावे. मुलांच्या हातून हे काम उत्तम होईल. शक्य असेल तर एखाद्या जाणकाराकडून तबकडीतले गाणे संगणकावर उतरवून घ्यावे, आणि मूळ तबकडी घरधन्याला कागदी पाकिटात घालून परत करावी.