टाकी, उपग्रह आणि खोटा प्रतिध्वनी

मित्रांनो, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय उपग्रहांचा आहे, पण सुरुवात आमच्या बिलोलीच्या गच्चीवरून होते, तेव्हा पान उलटू नका!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो हे मोजायचं, त्यावरून पाण्याची पातळी काढायची आणि टाकी भरली की मोटर आपोआप बंद. सोपं! पहिल्याच दिवशी नळाला पाणी आलं, मोटर सुरू झाली आणि दोन मिनिटांत बंद पडली. स्क्रीनवर "टाकी फुल". आम्ही निवांत. संध्याकाळी आजी म्हणाली, "तुझं यंत्र म्हणते टाकी भरली, पण बादली काय म्हणते ते बघ की बाई!" टाकी रिकामी होती. आवाज पाण्यावरून नाही, तर वरच्या पाइपवरून परत येत होता आणि माझ्या प्रोग्रामने तोच खरा धरला होता. वर कोडमध्ये मी आवाजाचा वेग २० अंश तापमानाचा टाकलेला, आणि गच्चीवर दुपारी ४२ अंश! तेवढ्यानेच मीटरमागे जवळपास चार सेंटिमीटरचा फरक पडतो.

कॉलेजला परत आल्यावर सरांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "हाच खेळ काही लोक उपग्रहांशी खेळतात. सॅटेलाइट लेसर रेंजिंग वाच." वाचलं, आणि खरं सांगते, थक्क झाले.

कल्पना माझ्या टाकीचीच आहे. जमिनीवरच्या स्टेशनमधून लेसरचा अगदी छोटा झोत उपग्रहाकडे सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचा वेळ मोजायचा. ऊसाच्या ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर असतो ना, उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवणारा? उपग्रहावर त्याच तत्त्वाचे, पण अत्यंत अचूक घडवलेले काचेचे प्रिझम असतात. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्राने असा पहिला प्रतिसाद मिळवला. १९७६ साली सोडलेला लॅजिओस उपग्रह तर फक्त याच कामासाठी आहे. ६० सेंटिमीटर व्यासाचा गोळा, त्यावर ४२६ प्रिझम, उंची सुमारे ५,९०० किलोमीटर. आपल्या नाविक मालिकेतल्या २०१३ च्या पहिल्या उपग्रहावरही असे प्रिझम बसवलेले आहेत.

आता खरी गंमत सॉफ्टवेअरची. एक मिलिमीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन साधारण ६.७ पिकोसेकंद. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद! एवढा वेळ मोजायचं काम घड्याळ करतं. पण कुठला प्रकाश मोजायचा, हे सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं. कारण परत येणारा प्रकाश म्हणजे कित्येकदा एकुलता एक फोटॉन, आणि आकाशातून येणारे भटके फोटॉन मात्र भरपूर.

म्हणून सॉफ्टवेअर आधी उपग्रहाच्या कक्षेचा अंदाज घेतं, दुर्बीण त्याच्या मागे फिरवतं आणि उत्तर अमुक क्षणी येईल असं गणित मांडतं. डिटेक्टरचं दार त्या क्षणाच्या आसपासच उघडायचं, एरवी बंद. तरी काही भटके आत येतातच. मग प्रत्येक वेळेतून अंदाजाची वेळ वजा करून स्क्रीनवर ठिपके काढतात. गॅदरिंगच्या गर्दीत कुणी कुठंही उभं असतं, पण मेसची रांग लांबूनही ओळखू येते. तसंच इथं! भटके फोटॉन विखुरतात, खरे मात्र एका रेषेत उभे राहतात. रेषेतले ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे.

टाकीत मी एक आवाज सोडून त्याची वाट बघत बसायचे. तिथं तेवढी सवड नसते. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स स्टेशनने २००३ पासून सेकंदाला २,००० झोत सोडायला सुरुवात केली. लॅजिओसपर्यंत जाऊन यायला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका वेळी ऐंशीएक झोत वाटेतच! कुठलं उत्तर कुठल्या झोताचं, याचा हिशेब सॉफ्टवेअरकडे. त्यातही नवा झोत सुटताना जवळच्या हवेवरून उजेड परत येतो, आणि नेमकं तेव्हाच उत्तर आलं तर ते त्यात बुडतं. म्हणून पुढचा झोत किंचित मागेपुढे करायचा.

शिवाय "थांब" म्हणणंही त्याचंच काम. वाटेत विमान आलं, लेसर बंद. दुर्बीण सूर्याकडे वळायला लागली, तिला अडवायचं. आइससॅट-२ सारख्या उपग्रहाचे सेन्सर लेसरने बिघडू शकतात, म्हणून तिथं परवानगी असल्याशिवाय झोत सोडायचा नाही. माझी तापमानाची चूक तिथं चालत नाही. हवेचा दाब, तापमान, आर्द्रता यांची दुरुस्ती करतात आणि ठाऊक असलेल्या अंतरावरच्या खुणेवर लेसर मारून यंत्रही तपासत राहतात.

एवढा आटापिटा कशासाठी? आपण मराठवाड्यातल्यांनी तरी हे विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. आजी सांगते, त्या पहाटे बिलोलीतही भांडी वाजल्यानं ती जागी झाली होती. तोवर दख्खनचा हा भाग स्थिर समजला जायचा. जमीन किती सरकते हे आज जीपीएसने मोजतात. पण सरकते ती कशाच्या तुलनेत? सगळंच हलत असेल तर खुंटी कुठं ठोकायची? ती खुंटी म्हणजे पृथ्वीचा वस्तुमानकेंद्र, आणि तो मुख्यतः या लेसर मोजमापांवरूनच ठरतो. भारताची प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. मी वीस वर्षांची, म्हणजे माझ्या जन्मापासून आमचं घर, टाकीसकट, सुमारे एक मीटर सरकलंय!

यातून भूकंपाचं भाकीत होत नाही, हे स्पष्ट सांगते. पण प्लेटच्या आतल्या आत होणारी हालचाल मिलिमीटरची किंवा त्याहून कमी असते. खुंटीच हलली, तर जमीन न सरकताच सरकल्यासारखी दिसेल. ढग आले आणि एका रात्रीची मापं बुडाली तर दुसऱ्या रात्री घेता येतात. खोटं माप मात्र गुपचूप हिशेबात शिरतं आणि खरं म्हणून बसतं.

माझ्या टाकीचंही तेच झालं. "माप मिळालं नाही" असं स्क्रीनवर आलं असतं तर मी जिना चढून बघितलं असतं. आता माझा प्रोग्राम सलग दहा मापं एका रेषेत आल्याशिवाय मोटर बंद करत नाही. आजी मात्र अजून बादली टाकून बघते. बघू दे! कॅलिब्रेशन म्हणतात ते यालाच.