दारू कमी करताना येणारी धास्ती

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलण्याची सवय असते. परंतु ती कारखान्याच्या दारावर बोलण्याची. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा वेतनकरार, बोनस, कंत्राटी पद्धत अशा एखाद्या विषयावर आम्ही बोलू, असे त्यांना वाटले होते. हा विषय आम्ही होऊन मागून घेतला. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि माणसांकडून. या विषयाचा पहिला धडा मात्र आम्हांला एका चुकीतून मिळाला. ती चूक आमचीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली. कारखाने बंद, लोकल बंद आणि दारूची दुकानेही बंद. आम्ही काही कार्यकर्ते चारकोपच्या बैठ्या घरांतून शिधा वाटत फिरत होतो. तेथे आमचा एक जुना सभासद राहतो. हात कसबी, स्वभाव अबोल. पण रोज रात्री एक क्वार्टर ठरलेली आणि सुटीच्या दिवशी दोन. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "भाऊ, कालपासनं यांना मिळालीच नाही. हात बघा कसे कापताहेत. जेवतसुद्धा नाहीत." आम्ही हसून म्हणालो, "वहिनी, बरेच झाले की! आयतीच सुटली. दोन दिवस कळ काढा."

त्याच रात्री अडीच वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. बापाला आकडी आली होती. दातखीळ बसली होती. रुग्णवाहिका येईपर्यंतचा तो वेळ आम्ही अजून विसरलेलो नाही. माणूस वाचला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हांला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "हात कापायला लागले तेव्हाच का नाही आणलंत?" वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही सहसा निरुत्तर होत नाही. त्या दिवशी झालो.

हे आमच्याच वस्तीत घडले असे नव्हे. त्याच सुमारास बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेच्या डॉक्टरांनी नोंद केली, की टाळेबंदीत दारू एकाएकी तुटल्यामुळे गंभीर अवस्थेत रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढली. ज्याला आम्ही आयती सुटका समजलो, ती त्या माणसांच्या शरीराला मानवलेली नव्हती.

हे होते कसे, ते आता पाहू. आपल्या मेंदूत दोन प्रकारची कामे सतत चाललेली असतात. एक चेतवण्याचे, दुसरे आवरण्याचे. ग्लुटामेट नावाचे रसायन चेतवते, गाबा नावाचे आवरते. यंत्राच्या भाषेत सांगायचे तर एक इंजिन आणि दुसरा ब्रेक. दारू पोटात गेली की ती ब्रेकला जोर देते आणि इंजिनाला दाबते. म्हणून पहिल्या पेल्यानंतर खांदे सैल पडतात आणि उद्याची काळजी दूर गेल्यासारखी वाटते. पिणारा हे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नाही.

परंतु मेंदू काही मूर्ख नाही. रोज रात्री बाहेरून ब्रेक मिळतो आहे असे दिसले, की तो आपला स्वतःचा ब्रेक सैल करतो आणि इंजिनाचा जोर वाढवतो. काही महिन्यांनी, काही वर्षांनी ही व्यवस्था कायमची होऊन बसते. मग एखाद्या दिवशी दारू मिळाली नाही, तर बाहेरचा ब्रेक गेलेला, आतला सैल पडलेला आणि इंजिन मात्र भरधाव. छातीत धडधड, अंगाला घाम, हाताला थरथर, डोळ्याला झोप नाही आणि मनात अशी धास्ती की जणू दारात कोणी वाईट बातमी घेऊन उभे आहे. कारण विचारावे तर सांगता येत नाही.

यात थोडे गणित आहे. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग, सुमारे ६० ग्रॅम. "आम्ही फक्त बियर घेतो" असे म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. ८ टक्क्यांच्या कडक बियरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. शरीर हा मद्यार्क तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निकालात काढते. तेव्हा रात्री नऊच्या सुमारास घेतलेली क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे पहाटे तीन ते पाच! रोज पिणाऱ्या पुष्कळांना नेमकी याच वेळी दचकून जाग येते, ती यामुळे.

आम्ही कामगारांना हे पगाराच्या भाषेत समजावतो. पुढच्या महिन्याच्या पगारावर घेतलेली उचल हातात पडते तेव्हा श्रीमंत झाल्यासारखे वाटते. पण पैसे आपलेच असतात आणि पुढच्या महिन्यात ते कापून जातात. दारूने मिळालेले स्वास्थ्य हे असेच उद्याच्या स्वास्थ्यातून उचललेले असते. उद्या ते कमी पडते, म्हणून पुन्हा उचल.

दारू हे मनावरचे औषध आहे, ही समजूत फार जुनी. मौज अशी, की १९४९ साली आपल्याकडे झालेला दारूबंदीचा कायदा पुढे पुष्कळ सैल झाला, तरी पिणाऱ्याने परवाना काढावा हे कलम राहिले. आणि तो परवाना मिळतो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! कागदावर काहीही असो, धास्तीवर घेतलेली दारू तीच धास्ती दुसऱ्या दिवशी वाढवून परत देते, हे ध्यानात ठेवावे.

दारू तुटल्यावरच्या त्रासाला एक वेळापत्रक असते. ते ठाऊक असले म्हणजे निम्मी भीती कमी होते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ आणि घालमेल सुरू होते. आकडी यायचीच तर ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही थोड्यांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळेनासे होते. यात जीवही जाऊ शकतो. हे टळले तर शरीराची खळबळ पाच-सात दिवसांत पुष्कळशी निवते. मागे राहतात मनाची हुरहूर आणि तुटक झोप. ती चढत-उतरत काही आठवडे, क्वचित काही महिने रेंगाळतात आणि मग ओसरतात.

पुष्कळ माणसे घसरतात ती येथेच. दहाव्या दिवशी माणूस म्हणतो, "पीत होतो तेव्हा बरा होतो, सोडल्यापासून जीव नुसता वरखाली होतोय. म्हणजे मला ती लागतेच." हा हिशेब चुकीचा आहे. ती धास्ती दारूची गरज सिद्ध करीत नाही. मेंदू आपला ब्रेक पुन्हा घट्ट करतो आहे, एवढेच ती सांगते. डॉक्टरांचा अनुभव असा, की दारूने आलेली काळजी दोन ते चार आठवडे न पिता गेले की पुष्कळ कमी होते. त्यानंतरही ती तशीच राहिली, तर तिला स्वतंत्र आजार समजून उपचार घ्यावा. तो करता येतो.

आता प्रत्यक्ष काय करावे? ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करण्यासाठी घोट लागतो, ज्याला पूर्वी आकडी किंवा भ्रम झाला आहे, किंवा जो वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, त्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. त्याने आधी डॉक्टरांकडे जावे. ते काही दिवसांसाठी उतरत्या प्रमाणात गोळ्या देतात आणि बी-१ हे जीवनसत्त्व देतात. कारण दारू पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो आणि त्या तुटवड्याने मेंदूला इजा होते. या गोळ्या औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली तर श्वास बंद पडू शकतो.

ज्यांचे पिणे एवढे वाढलेले नाही, त्यांना पायरीपायरीने कमी करता येते. एक आठवडा आपण किती पितो ते प्रामाणिकपणे वहीत लिहावे. अंदाजाने ओतू नये, मापाने घ्यावी. उपाशीपोटी घेऊ नये, घरात साठा ठेवू नये, आणि आठवड्यातले न पिण्याचे वार ठरवून ते वाढवत न्यावेत. स्टेशनवरून घरी जाताना वाटेत बार लागत असेल, तर रस्ता बदलावा. हे हसण्यासारखे वाटेल. पण पाय सवयीचे गुलाम असतात. मात्र कमी करताना थरथर, घाम सुरू झाला, तर आपण समजलो त्याहून प्रकरण पुढे गेले आहे असे ओळखून डॉक्टर गाठावा.

आणि प्रत्यक्ष धास्तीचा झटका येईल तेव्हा? पहिली गोष्ट, तिला नावाने ओळखावे: "ही दारू उतरल्याची धडधड आहे, ही जाणार आहे." मग बसून चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा, असे पाच-दहा मिनिटे. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. पिण्याची ओढ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात उतरते; तेवढा अर्धा तास हाताला काम द्यावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही त्या लाटेची चार कारणे. त्यांतले आज कोणते आहे ते पाहावे. पुष्कळदा दोन पोळ्या खाल्ल्या की निम्मी ओढ जाते. दुपारनंतर चहा-कॉफी कमी करावी, कारण तीही धडधड वाढवते. पहाटे जाग आली तर अंथरुणात कुशी बदलत राहू नये. उठून बसावे, पाणी प्यावे. परंतु छातीत दुखू लागले, तर ही धास्तीच असेल असे स्वतःच ठरवून घरी बसू नये.

यातले काहीही एकट्याने करणे कठीण. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी, त्यांतला एक शेअर दलाल आणि दुसरा शल्यविशारद, एकमेकांना आधार देत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी केली. आज तिच्या सभा मुंबईत मराठीतूनही होतात. पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही. "जन्मभर नको, फक्त आजचे चोवीस तास" हा त्यांचा मंत्र धास्तावलेल्या माणसाला झेपणारा आहे. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने १९८६ मध्ये मुक्तांगण उभारले. आपल्या कांदिवलीत पूर्वेला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, पश्चिमेला महापालिकेचे, ज्याला आपण शताब्दी म्हणतो. कोठे जावे हे तेथे विचारता येईल. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे.

संघटनेचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामावर नशेत असणे हे गैरवर्तन ठरवले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. यंत्रावर झिंगलेला माणूस शेजाऱ्याचाही हात घालवतो. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. नोकरी जाईल या भीतीने जो उपचार लपवतो, तो त्या भीतीवरही पितो. म्हणून उपचाराला जाणाऱ्यामागे संघटनेने उभे राहावे. विमेदार कामगाराला डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला, तर नियमांप्रमाणे वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि कर्ज, कंत्राट, घरभाडे यांची काळजी काही मेंदूतल्या रसायनांची नसते. ती खरी असते. तिला उपाय खोलीत बसून मिळत नाही, चार माणसांत येऊन मिळतो.

आमच्या त्या सभासदाचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. मध्ये तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा डॉक्टरांकडे परत गेला. पहिले काही महिने त्याला पहाटे तीनला जाग येई. पडून राहण्याऐवजी तो उठे, चारला नळ आला की घरातले आणि शेजारच्या म्हातारीचेही पाणी भरून ठेवी. आता त्याला झोप लागते, त्यामुळे पाणी पुन्हा वहिनींनाच भरावे लागते. तशी तक्रार त्यांनी आमच्याकडे केली आहे. तेवढी एक तक्रार आम्ही पुढे नेणार नाही.

तुमच्या घरात, चाळीत, कारखान्यात दारू तुटलेला कोणी थरथरत बसलेला दिसला, तर आम्ही म्हणालो तसे "कळ काढ" म्हणू नका. त्याच्याबरोबर उठा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.