निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

फोनमधला नकाशा उघडला की आपण जिथे असू तिथे निळा ठिपका येतो. त्याच्याभोवती बहुतेक वेळा एक फिकट निळं वर्तुळही असतं. आपण ठिपक्यावर भरवसा ठेवतो आणि वर्तुळाकडे बघतही नाही. खरं तर फोनचं सगळं म्हणणं त्या वर्तुळात असतं: 'तुम्ही इथेच कुठेतरी असाल.' अँड्रॉइड फोन जी त्रिज्या देतो, तिच्या आत खरी जागा असण्याची शक्यता ६८ टक्के धरलेली असते. म्हणजे साधारण तीनातल्या एका वेळी आपण वर्तुळाबाहेर असू शकतो. हा अंदाज कसा बांधला जातो ते कळलं, की त्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे सावध राहायचं हेही कळतं.

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जगभर सेवा देण्यासाठी किमान २४ लागतात. प्रत्यक्षात तिसाच्या आसपास कामावर असतात. आपला फोन कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं. आत्ता नेमके किती वाजले आणि आपण स्वतः कुठे आहोत, एवढंच प्रत्येक उपग्रह अखंड सांगत राहतो. फोन ते नुसतं ऐकतो, उपग्रहाला उत्तर देत नाही. जागेचं गणित फोनमध्येच होतं.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजले की वीज किती लांब पडली याचा अंदाज येतो. फोनही असंच वेळेवरून अंतर काढतो. फरक वेगाचा आहे. रेडिओलहरी सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातात, त्यामुळे उपग्रहाचा संदेश सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागात खाली पोचतो. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळं असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. एवढासा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अंतराच्या मापात ११ किलोमीटरहून जास्त तफावत पडेल. त्यामुळे ही दुरुस्ती यंत्रणेतच करून ठेवलेली असते.

एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं तर आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत, एवढंच समजतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपग्रहाने शक्यता कमी होत जातात. तिघांवर भागलं असतं, पण फोनमध्ये अणुघड्याळ नसतं. तिथलं साधं घड्याळ किती चुकतंय हेही शोधावं लागतं. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टींसाठी किमान चार उपग्रह लागतात.

उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट एवढ्या संथपणे पाठवतो. ती पूर्ण मिळायला अर्धं मिनिट तरी जातं, मधे झाडं किंवा कडा आला तर आणखी वेळ लागतो. शहरात हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून आधी मिळते, म्हणून ठिपका चटकन येतो. रेंज नसलेल्या डोंगरात तो उशिरा येतो, पण येतो. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं धीराने थांबावं.

मोकळ्या जागी फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. लोअर परळसारख्या उंच इमारतींच्या भागात मात्र लहरी भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतात. फोनला ते अंतर जास्त वाटतं आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर जातो. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळेही लहरींना उशीर होतो. एकाच वेळी दोन वारंवारिता ऐकणारे फोन हा उशीर बराचसा ओळखून वजा करतात.

घरात उपग्रह नीट ऐकू येत नाहीत. तिथे फोन आसपासच्या वाय-फाय राउटरचे ओळखक्रमांक टिपतो आणि ते कुठे आहेत याच्या साठवलेल्या यादीशी ताडून पाहतो. त्यासाठी त्या वाय-फायला जोडलं जाण्याची गरज नसते. तेही नसेल तर उरतो मोबाइल टॉवर. खेड्यात एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो, त्यामुळे वर्तुळही तेवढं मोठं होतं.

आजचे बरेच फोन जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणाही ऐकतात. भारताची स्वतःची यंत्रणा म्हणजे नाविक. इस्रोच्या या मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. ही यंत्रणा भारत आणि सीमेपलीकडच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतीय बनावटीचं अणुघड्याळ आहे. फोनमध्ये सर्रास वापरली जाणारी एल-१ वारंवारिताही या उपग्रहापासून नाविकमध्ये आली.

उपग्रह आपला माग काढत नाहीत, मग आपली जागा इतरांना कळते कशी? ॲप ती आपल्या परवानगीने पाठवतं. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून ॲपला अचूक जागेऐवजी ढोबळ जागा देता येते. हवामान सांगणाऱ्या ॲपला ढोबळ जागा पुरते. रिक्षा बोलावणाऱ्याला अचूक लागते. प्रत्येक ॲपला त्याच्या कामापुरतंच द्यावं.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हे ज्ञान आवर्जून वापरावं. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. कुणी जखमी झालं आणि रेंज नसेल, तर त्याच्याजवळ उभं राहून नकाशात ठिपक्यावर बोट दाबून धरा. मिळालेले अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्या. दशांश चिन्हानंतरचे निदान चार अंक लिहा. चौथा अंक एकाने बदलला की उत्तर-दक्षिण जागा सुमारे ११ मीटरने सरकते. एकाने जखमीपाशी थांबावं. दुसऱ्याने रेंज मिळेल तिथे जाऊन ११२ ला फोन करावा आणि स्वतः उभं असलेल्या जागेचे नव्हे, तर लिहून आणलेले आकडे सांगावेत. सोबत जवळच्या वाडीचं आणि पायवाटेचं नावही सांगावं, कारण मदतीला धावून येणारी गावकरी मंडळी वाट ओळखतात ती नावाने.