इंग्रजी शब्दांची कुळकथा : ‘बॉर्न’

‘तुझा जन्म कुठे झाला’ हे इंग्रजीत सांगा म्हटलं, की निम्मा वर्ग ‘आय बॉर्न इन सातारा’ म्हणतो आणि उरलेल्यांतले बरेच जण ‘आय ॲम बॉर्न’. मग शिक्षक ‘आय वॉज बॉर्न’ घोकून घेतात. हे ‘वॉज’ कुठून आलं, ते सहसा कुणी सांगत नाही.

मराठीत जन्मणं हे बाळाचं स्वतःचं काम. ‘मी जन्मलो’ : सरळ कर्तरी प्रयोग, मध्ये कुणी नाही. इंग्रजीत मात्र बाळ काहीच करत नाही, करते ती आई. ‘बॉर्न’ हे ‘बेअर’ या क्रियापदाचं रूप, आणि ‘बेअर’चा मूळ अर्थ वाहणं, पेलणं. म्हणून वाक्य कर्मणी. आपल्याकडची आई चिडली की ‘नऊ महिने पोटात वागवलं तुला’ म्हणते. डोक्यावरचं ओझंही आपण वागवतोच. मराठीनं जे ‘वागवणे’मध्ये ठेवलं, तेच इंग्रजीनं ‘बेअर’मध्ये. ओझ्याला इंग्रजीत ‘बर्डन’ म्हणतात आणि जन्माला ‘बर्थ’. दोन्ही याच घरातले. संस्कृतातला ‘भृ’ धातू हा त्यांचा सख्खा नातेवाईक. त्यापासून भार, भरणपोषण, भर्ता आणि उखाण्यातला ‘भ्रतार’सुद्धा.

आता स्पेलिंगची भानगड. ‘बॉर्न’ दोन तऱ्हेने लिहितात, शेवटी ई असलेला आणि नसलेला. उच्चार एकच. पूर्वी हा भेद कुणी पाळत नसे. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ १६२३ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं, त्यात जन्माच्या अर्थाचा ‘बॉर्न’ चक्क ई लावून आहे. पुढे वाटणी झाली : जन्मासाठी बिन-ईचा, वाहण्या-सोसण्यासाठी ई-वाला. वाटणी काटेकोर मात्र नाही. ‘तिनं तीन मुलांना जन्म दिला’ असं आईला कर्ता करून सांगायचं असेल, तर ‘शी हॅज बॉर्न’मध्ये ई परत येतो. आई वाक्याची मालकीण झाली की मूळचं वाहणं जागं होतं.

‘मॅकबेथ’चा शेवटच या शब्दावर टांगलेला आहे. स्त्रीपासून ‘बॉर्न’ झालेला कुणीही तुला इजा करू शकणार नाही, असं भाकीत मॅकबेथला मिळतं आणि तो निर्धास्त होतो. शेवटी समोर उभा राहतो मॅकडफ, ज्याला आईचं पोट फाडून वेळेआधीच बाहेर काढलेलं असतं. आईनं प्रसवलंच नाही, म्हणजे तो ‘बॉर्न’ नाही! वकिली युक्तिवाद आहे खरा, पण शब्दाच्या पोटात शिरून केलेला. मराठी अनुवादकाची इथे पंचाईत होते, कारण आपल्याकडे सिझेरियननं झालेलं मूलही बिनतक्रार ‘जन्मतं’.

ई-वाल्या बॉर्नशी आपली गाठ पडते ती आरोग्य खात्याच्या फलकांवर. ‘वॉटरबॉर्न’ रोगांना आपण ‘जलजन्य’ केलं, ‘व्हेक्टरबॉर्न’ना ‘कीटकजन्य’. ‘जन्य’ म्हणजे उपजलेलं. इंग्रजी शब्दात उपजणं नाहीच, वाहून आणणं आहे. टायफॉइडचा जंतू पाण्यात उपजत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून पाण्यात जातो, पाणी त्याला दुसऱ्याच्या घरात पोचवतं. हिवतापाचंही तसंच. रोनाल्ड रॉस या डॉक्टरनं १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी शोधला, तेव्हा या वाहतुकीचा माग लागला. परजीवीच्या आयुष्याचा एक टप्पा डासात पार पडतो हे खरं, पण डास तो एका माणसाकडून उचलतो नि दुसऱ्याला देतो. ‘जलजन्य’ आता रुळलाय, तो काही हलणार नाही. तरी मला विचाराल तर ‘पाण्यातून पसरणारे रोग’ हे साधं मराठी जास्त खरं आहे.

बाकीच्या उपयोगांना फार वेळ नको. ‘बॉर्न टीचर’ म्हणजे आपला हाडाचा शिक्षक. ‘आय वॉजन्ट बॉर्न यस्टरडे’ म्हणजे ‘मी काही बोळ्यानं दूध पीत नाही’, आणि या बाबतीत मराठी दोन पावलं पुढेच आहे. ‘बॉर्न अगेन’ बायबलमधला, योहानाच्या शुभवर्तमानातून आलेला. गंमत म्हणजे तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. १९७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार जिमी कार्टर यांनी स्वतःला ‘बॉर्न अगेन’ म्हणवून घेतलं आणि हा शब्द अमेरिकी राजकारणात घरोघरी पोचला. आपला ‘द्विज’ही दोनदा जन्मलेलाच, पण त्यात ब्राह्मणाबरोबर पक्षी आणि दातही बसतात. तेवढी ऐसपैस जागा इंग्रजी शब्दात नाही.

कायद्यात मात्र हा शब्द भलताच महागात पडू शकतो. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष ‘नॅचरल बॉर्न’ नागरिक असावा लागतो, आणि त्याचा नेमका अर्थ घटनेत कुठेच दिलेला नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर १९८३ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, २००३ ते २०११ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर राहिले, पण त्यांना व्हाइट हाउसचा दरवाजा या एका शब्दानं बंद आहे. न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलीला तो उघडा आहे, तिच्या पुण्याहून गेलेल्या आईवडिलांना नाही. भारतात उलट, नुसतं इथे जन्मणं आता पुरत नाही. १ जुलै १९८७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याच्या बाबतीत आईवडिलांचं नागरिकत्वही पाहिलं जातं.

पुढच्या आठवड्यात याच शब्दाचा जोडीदार ‘ब्रेड’ : ‘बॉर्न अँड ब्रेड’मधला, बेकरीतला नव्हे.