विजयफेरीत कुटुंबीय : पहिला मान चाहत्यांचा

करंडक जिंकल्यानंतर फुटबॉलपटूंच्या पत्नी-मुलांनी मैदानात यावे का, हा वाद जुनाच आहे. आप्तांची गर्दी झाली की खेळाडू छायाचित्रांत गुंततात आणि प्रेक्षक ताटकळतात, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. आधी विजयफेरी, मग कुटुंबीय, हा क्रम त्यावर पुरेसा उपाय ठरावा. सरसकट मनाई मात्र योग्य नव्हे. ६ जून २०१५ रोजी बर्लिनमध्ये बार्सिलोनाने युव्हेंटसवर ३-१ असा विजय मिळवल्यावर प्रशिक्षक लुइस एन्रीके यांच्यासह त्यांची चिमुकली कन्या शाना हिने मैदानात क्लबचा ध्वज रोवला. २०१९ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. ३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये एन्रीके यांचा पॅरिस सेंट जर्मेन संघ युरोपीय विजेता ठरला, तेव्हा पिता-पुत्री ध्वज रोवत असल्याचे भव्य चित्र प्रेक्षागृहात उलगडले, ते चाहत्यांनीच.