पचडीतली फोडणी

मेथीची पचडी करायला वेळ लागत नाही. कोवळी मेथी निवडून दोन-तीन पाण्यांतून धुवायची, निथळून बारीक चिरायची, सायीच्या दह्यात कालवायची आणि वर मोहरी, हिंग व हिरवी मिरची यांची फोडणी द्यायची. अलीकडे काही घरांतून ही फोडणी गेली आहे आणि दहीही साय काढलेल्या दुधाचे आले आहे. तेल टाळले की पाल्याचा गुण निर्भेळ मिळतो, अशी समजूत. एका शिक्षक-शिबिरात याविषयी प्रश्न आला तेव्हा 'थोडे तेल चालते' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते.

हिरव्या पाल्यात केरोटीन असते. त्याचा पिवळा-नारिंगी रंग हरितद्रव्यामुळे झाकला जातो. आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतात. याच जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. पण केरोटीन पाण्यात विरघळत नाही. लहान आतड्यात पित्तक्षार आणि पचलेले स्निग्ध पदार्थ मिळून अतिसूक्ष्म गोळे तयार होतात, आणि त्यांत शिरूनच केरोटीन आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचते. जेवणात स्निग्ध पदार्थच नसेल तर पाला पोटात जातो, केरोटीन मात्र बहुतांशी तसेच बाहेर पडते.

अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात हे तपासले गेले. पालक, लेट्यूस, गाजर आणि टोमॅटो यांचे तेच सॅलड तीन वेळा दिले. त्यावरच्या मिश्रणात कॅनोला तेल एकदा मुळीच नाही, एकदा ६ ग्रॅम, एकदा २८ ग्रॅम. मग रक्तातील स्निग्ध कणांत किती केरोटीन उतरले ते मोजले. बिनतेलाच्या सॅलडातून जवळजवळ काहीच उतरले नाही. २८ ग्रॅमला ६ ग्रॅमपेक्षा बरेच अधिक. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणसे सातच होती, हेही सांगायला हवे. शिवाय २८ ग्रॅम तेल एका वाटी पचडीत कोणी घालणार नाही. पण शून्य आणि थोडे यांत फरक आहे, एवढे आपल्याला पुरे.

वर्गात हे दाखवायला पाला लागत नाही. परीक्षानळीत पाणी आणि गोडेतेल सारखे घ्या, चिमूटभर लाल तिखट टाका, हलवून ठेवून द्या. तिखटाचा रंग केरोटीनच्याच कुळातला. वरचे तेल नारिंगी होते, खालचे पाणी फिकट राहते. (पाणीच लालभडक झाले तर तिखट कुठून आणले याची चौकशी करावी!) तर्रीचा रंग वर का तरंगतो, हे मुले मग आपणहून सांगतात.

फोडणी नकोच असेल तर दाण्याचे कूट घालावे. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. सायीच्या दह्याचाही उपयोग होतो; शिवाय दुधातले केसीन हे प्रथिन मिरचीतल्या कॅप्सेसीनला धरून ठेवते, त्यामुळे लहान मुलेही पचडी खातात.

मीठ मात्र पाने वाढल्यावरच घालावे. आधी घातले तर परासरणाने मेथीतले पाणी बाहेर येते, पाला मलूल पडतो आणि दह्याचे ताक होते.